रक्त कमी आहे, पण जातंय कुठे?

पत्र असं आहे:

"डॉक्टरताई, माझं वय ४२. घरून डबे करून देते, रोजचे पंचवीस. पहाटे साडेचारला उठते. वर्षभरापासून दोन जिने चढले की धाप लागते, छातीत धडधडतं, केस मूठमूठ गळतात. पीठ मळताना मधेच खाली बसावं लागतं. गेल्या महिन्यात रक्त तपासलं, हिमोग्लोबिन ७.४ आलं. रिपोर्टचा फोटो पाठवते आहे. सासूबाई रोज बीट, खजूर, डाळिंब देतात, दोन महिने झाले, फरक नाही. लोहाच्या गोळ्या आणल्या होत्या, पण शी काळी व्हायला लागली आणि पोट गच्च झालं म्हणून आठ दिवसांत बंद केल्या. शेजारीण म्हणते रक्ताची बाटली लावून घे, मिस्टर म्हणतात ताकदीचं सलाइन लाव. तांदूळ निवडताना मी कच्चे तांदूळ खाते, ती सवय काही केल्या सुटत नाही. सासूबाई म्हणतात त्यानेच रक्ताचं पाणी होतं. खरं का? मुलगी १५ वर्षांची आहे, तीही फिकट दिसते. सासूबाईही हल्ली फार थकतात, पण त्यांचं वय झालं. (पाळी आठ दिवस चालते, गाठी पडतात, पण माझ्या आईलाही तसंच होतं, आमच्यात असतंच.) मी काय खाऊ म्हणजे रक्त वाढेल?"

ताई, बीट, खजूर, गोळ्या, सलाइन हे सगळं तुम्ही सविस्तर लिहिलंत. पाळीबद्दल एकच ओळ, तीही शेवटी, कंसात. मी त्या कंसापासूनच सुरुवात करते, कारण तुमच्या आजाराचं मूळ बहुतेक तिथेच आहे.

काय खाऊ म्हणजे रक्त वाढेल, हा प्रश्न मला गेली कित्येक वर्षं जवळजवळ रोज ऐकू येतो. त्याच्या आधी एक प्रश्न विचारायला हवा. हे रक्त जातंय कुठे? टाकीला गळती असेल तर वरून बादल्या ओतून टाकी भरत नाही.

हिशेब ढोबळ आहे, पण डब्यांचा जमाखर्च सांभाळणाऱ्या बाईला तो लगेच कळेल. निरोगी माणसाच्या एक मिलिलिटर रक्तात साधारण अर्धा मिलिग्रॅम लोह असतं. एका पाळीत ३०-४० मिलिलिटर रक्त जाणं नेहमीचं. ८० च्या वर गेलं तर ते जास्त. शंभर गेलं असं धरा, म्हणजे ५० मिलिग्रॅम लोह त्या चार-आठ दिवसांत शरीराबाहेर. आता जमेची बाजू बघा. जेवणातून आतड्याला दिवसाला जेमतेम एक-दोन मिलिग्रॅम लोह शोषता येतं, आणि त्यातलं एक मिलिग्रॅम त्वचा, आतडी यांच्या रोजच्या झिजेत जातं. शिल्लक काय राहिली? अशी तूट दर महिन्याला, वर्षानुवर्षं. आधी शरीर साठवणीतलं लोह वापरतं, तेव्हा काहीच कळत नाही. साठवण संपली की तांबड्या पेशी लहान आणि फिकट व्हायला लागतात. तुमच्या रिपोर्टमध्ये एमसीव्ही ६६ आहे. तो पेशींच्या आकारमानाचा आकडा, ८० च्या वर असावा लागतो. हे एका महिन्यात घडलेलं नाही. धाप वर्षापूर्वी लागायला लागली, गळती त्याच्या कितीतरी आधीची असणार.

आणि बीट? शंभर ग्रॅम बिटात लोह एक मिलिग्रॅमही भरत नाही, त्यातलं अंगी लागतं एक दशांश, नाहीतर त्याहून कमी. एका पाळीतलं ५० मिलिग्रॅम नुसत्या बिटाने भरून काढायचं तर महिन्याला ५० किलोहून जास्त बीट खावं लागेल. रंग लाल म्हणून रक्त वाढतं, एवढाच त्याच्यामागचा तर्क. सासूबाई मायेने देतायत, त्यांना नाही म्हणू नका, कोशिंबीर म्हणून खा. पण ७.४ ला ते औषध नव्हे. बाईचं हिमोग्लोबिन १२ च्या वर असावं. ८ च्या खाली गेलं की त्याला आम्ही तीव्र रक्तक्षय म्हणतो. तुम्ही त्या ओळीच्या खाली आहात आणि रोज पंचवीस डबे करताय. तुम्ही आळशी नाही आणि 'वय झालं' असंही काही नाही. प्राणवायू वाहून नेणारं द्रव्य निम्म्यावर आलंय, म्हणून हृदय दुप्पट पळतंय. छातीतली धडधड ती हीच.

आता पाळी. 'आमच्यात असतंच' हे वाक्य मी आई, मावशी, सून सगळ्यांच्या तोंडून ऐकलंय. स्वतःच्या पाळीची तुलना दुसऱ्या कुणाशी करायची सोयच नसते, म्हणून जे आहे तेच सगळ्यांना होत असेल असं वाटत राहतं. तर मोजायला शिका. सात दिवसांपेक्षा जास्त चालणं, दर तासा-दोन तासांनी पॅड बदलावं लागणं, रात्री उठून बदलावं लागणं, एकावर एक दोन पॅड लावणं, दहा रुपयांच्या नाण्यापेक्षा मोठ्या गाठी पडणं, 'डाग लागेल' म्हणून त्या दिवसांत लग्नाकार्याला जाणं टाळणं. यातलं काहीही असेल तर अंगावरून जास्त जातंय. पुढच्या पाळीत स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर रोज किती पॅड लागले तेवढा आकडा लिहा. दुधाचा हिशेब लिहितो तसा. तो कागद डॉक्टरांपुढे ठेवलात की लाजून सांगण्यासारखं काही उरत नाही.

स्त्रीरोगतज्ज्ञांना भेटा, येत्या आठवड्यातच. सोनोग्राफीत गर्भपिशवीला गाठी आहेत का, अस्तर जाड झालंय का ते दिसेल. थायरॉइडची टीएसएच तपासणी करा, कारण थायरॉइड मंदावल्यानेही पाळी जास्त जाते. चाळिशी ओलांडलीय, त्यामुळे गरज वाटली तर अस्तराचा छोटा तुकडा तपासायला घेतील. घाबरू नका, नको त्या पेशी वेळेत सापडाव्यात म्हणून तो घेतात. आणि आईलाही तसंच होतं म्हणताय ना, मग डॉक्टरांना हेही सांगा: तुमची पाळी पहिल्यापासूनच अशी आहे का, दाढ काढली तेव्हा रक्त लवकर थांबलं होतं का, बाळंतपणात जास्त गेलं होतं का, घरात कुणाचा घोळणा वारंवार फुटतो का. रक्त गोठण्यातला एक दोष घराण्यात चालत येतो आणि कित्येक बायकांमध्ये तो आयुष्यभर 'आमच्यात असतंच' या नावाखाली लपून राहतो.

उपाय बरेच आहेत. ज्या दिवसांत जास्त जातं तेवढ्याच दिवसांत घ्यायच्या ट्रानेक्झामिक अ‍ॅसिडच्या गोळ्या आहेत (पायाच्या शिरेत किंवा फुप्फुसात कधी रक्ताची गुठळी झाली असेल तर त्या चालत नाहीत, ते आधी सांगायचं). हार्मोनच्या गोळ्या आहेत. पिशवीत बसवायची हार्मोनची तांबी आहे. साध्या तांबीने कधीकधी पाळी वाढते, हिने ती खूप कमी होते, आणि काही वर्षं पुरते. पिशवीला गाठी असतील तर कधी नुसत्या गाठी काढता येतात.

इथे जरा थांबते, कारण पुढचं वाक्य तुम्हाला कुणीतरी म्हणणारच आहे: "पिशवी काढून टाका, कटकट मिटेल." बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांचं काय झालं ते आठवा. २०१९ साली राज्य सरकारने आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी झाली ८२ हजारांवर बायकांची, आणि त्यातल्या १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी काढलेली निघाली. त्यात ऐन तिशीतल्या बायका होत्या. फडात पाळीचे दिवस नकोत, खाडा झाला की पैसे कापले जातात, आणि 'पिशवी खराब झालीय, पुढे कॅन्सर होईल' अशी भीती घालणारे होतेच. ती शस्त्रक्रिया कधी खरंच लागते आणि तेव्हा ती वरदानच असते. पण ती शेवटची पायरी. कुणी पहिल्याच भेटीत ती सांगितली तर दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञांचं मत घेतल्याशिवाय सही करू नका. अंडाशयंही काढणार आहात का, हा प्रश्न तोंडाने विचारा. तुमच्या वयात ती काढली तर पाळी जाण्याचे सगळे त्रास एका रात्रीत सुरू होतात, आणि हाडंही लवकर ठिसूळ होतात.

गळती शोधेपर्यंत टाकीही भरायला हवी. त्यासाठी गोळ्या. तुम्ही बंद केल्यात याचा मला राग नाही, शी काळी होणार हे तुम्हाला आधी सांगायला हवं होतं. न शोषलेलं लोह बाहेर पडतं, म्हणून ती काळपट-हिरवी होते. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पोट गच्च होतं तो त्रास मात्र खरा. त्याला तोड आहे: दिवसातून एकच गोळी, आणि तरी सोसत नसेल तर एक दिवसाआड. एक गोळी घेतली की शरीर दुसऱ्या दिवशीपर्यंत लोहाचं दार थोडं लोटून घेतं, त्यामुळे दोन-तीन गोळ्या कोंबून फार फायदा होत नाही, आतड्याला त्रास तेवढा होतो.

आता मला सांगा, ती गोळी तुम्ही कशासोबत घेत होतात? पहाटे साडेचारला उठणारी बाई पहिल्यांदा चहा ठेवते, आणि चहाच्या घोटाबरोबर गोळी. असंच ना? चहातले तुरट घटक लोहाला धरून ठेवतात, मग ते आतड्यातून तसंच निघून जातं. दुधाचं तेच, कॅल्शियमच्या गोळीचं आणि अ‍ॅसिडिटीच्या औषधाचंही तेच. म्हणून गोळीच्या आधी आणि नंतर निदान एक तास चहा नाही. कॅल्शियम घेत असाल तर ते रात्री. थायरॉइडची गोळी सुरू झाली तर तिच्यात आणि लोहात चार तासांचं अंतर. डबे गेल्यावर, अकराच्या सुमाराला, अर्धं लिंबू पिळलेल्या पाण्याबरोबर गोळी घ्या. रिकाम्या पोटी मळमळलं तर दोन घास खाऊन घ्या, शोषण थोडं कमी होईल, पण गोळी चालू राहील, आणि चालू राहणं जास्त मोलाचं. महाग ब्रँडच हवा असं नाही. सरकारी दवाखान्यात आशाताई देतात ती लाल गोळी फुकट असते, त्यातही ६० मिलिग्रॅम लोह असतं. डबा मात्र उंचावर ठेवा. शेजारपाजारची लहान मुलं तुमच्याकडे येत असतील, आणि लाल गोळी गोड दिसते. मूठभर लोहाच्या गोळ्यांनी लहान मूल दगावू शकतं.

चार आठवड्यांनी हिमोग्लोबिन पुन्हा तपासा. गोळी लागू पडत असेल तर एक ते दोनने वर आलेलं असेल. सगळ्यात मोठी चूक पुढे होते: आकडा १२ झाला की बायका गोळी सोडतात. तेव्हा रक्त भरलेलं असतं, साठवण रिकामीच असते. त्यापुढे आणखी तीन महिने घ्यायची. साठवण किती आहे ते फेरिटिन नावाच्या तपासणीत कळतं, ती आत्ता गोळी सुरू करायच्या आधीच एकदा करून घ्या. बी-१२ जीवनसत्त्वही बघा, विशेषतः घरात मांसाहार नसेल तर. हातापायांना मुंग्या येत असतील तर नक्कीच. आणि लोह भरूनही पेशी लहानच राहिल्या तर थॅलेसेमिया मायनरची, म्हणजे तांबड्या पेशी जन्मापासूनच लहान ठेवणाऱ्या आनुवंशिक दोषाची, तपासणी लागते. तो दोष असलेली मंडळी एरवी निरोगी असतात, त्यांना उगाच वर्षानुवर्षं लोह देत बसायचं नसतं.

शेजारणीच्या बाटलीबद्दल. एका बाटलीने हिमोग्लोबिन सुमारे एकने वाढतं, आणि गळती तशीच राहिली तर काही पाळ्यांत ते निघून जातं. दुसऱ्याचं रक्त हे औषध जपून वापरायचं. तुमचं रक्त हळूहळू उतरलंय, शरीराने जुळवून घेतलंय, त्यामुळे नुसत्या ७.४ ला बाटली लागत नाही. पण बसल्याजागी धाप लागली, छातीत दुखलं, डोळ्यांपुढे अंधारी येऊन पडलात, किंवा एका तासात दोन पॅड भरायला लागले, तर डबे, पाहुणे, काही न बघता रुग्णालय गाठायचं, आणि तिथे रक्त लावायचं म्हणाले तर लावून घ्यायचं.

मिस्टरांच्या 'ताकदीच्या सलाइन'मध्ये मीठपाणी, साखर आणि फार तर एखादं जीवनसत्त्व असतं. पैसे वाचवा. त्याऐवजी खरंच शिरेतून देण्याचं लोह असतं, ते वेगळं. तुमचा आकडा आणि चालू असलेला रक्तस्राव बघता मी स्वतः त्या बाजूची आहे. गोळीने जे भरायला महिने लागतात ते एक-दोन भेटींत मिळतं. क्वचित रिअ‍ॅक्शन येते म्हणून ते रुग्णालयातच घ्यायचं, घरी नाही, आणि झाल्यावर अर्धा तास तिथेच बसायचं. उपजिल्हा रुग्णालयात आणि सिव्हिलमध्ये विचारा.

कच्च्या तांदळाकडे येते. सासूबाईंचं निरीक्षण अगदी बरोबर आहे, फक्त आधी काय आणि नंतर काय याची अदलाबदल झालीय. तांदळाने रक्त कमी झालेलं नाही, रक्त कमी झालं म्हणून तांदूळ खावेसे वाटतात. लोह कमी झालेल्यांना कच्चे तांदूळ, माती, खडू, बर्फ, पाटीवरची पेन्सिल असं काहीबाही खावंसं वाटतं. माझ्याकडे आलेल्या एका शिक्षिकेच्या पर्सच्या आतल्या कप्प्यात पेन्सिलीचे तुकडे होते, कागदात नीट गुंडाळलेले. नवऱ्यालाही माहीत नव्हतं. मी विचारल्यावर ती रडायलाच लागली. तिला वाटत होतं आपल्या मनात काहीतरी बिघाड आहे. ही सवय नाही, लक्षण आहे. स्वतःला बोल लावू नका.

मुलीचं. तिची तपासणी तुमच्याबरोबरच करा, तिच्या पाळीचे तेच प्रश्न तिला एकटीला, शांतपणे विचारा. शाळेत आठवड्यातून एकदा लोहाची निळी गोळी मिळते आणि वर्षातून दोनदा जंताची. तिला विचारा, घेते का? पुष्कळ मुली 'मळमळतं' म्हणून ती खिडकीबाहेर टाकतात. जेवणानंतर घ्यायला सांगा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय निघाला, महाराष्ट्रातही निम्म्याहून जास्त. म्हणजे वर्गात एका बाकावर दोघी बसल्या असतील तर सरासरी त्यातल्या एकीला तरी हा त्रास असतो. मुलगी अनवाणी शेतात जात असेल तर चपला हव्यात, कारण आतड्यात राहून रक्त शोषणारे अंकुशकृमी पायाच्या कातडीतून शिरतात.

जेवणात काय करता येईल तेही सांगते, कारण गळती थांबल्यावर जेवणच सांभाळणार आहे. डब्याची आमटी, पालेभाजी लोखंडी कढईत करा, आमसूल किंवा टोमॅटो घालून, आंबटाने कढईचं लोह उतरतं. कडधान्यं मोड आणून. जेवताना ताटात लिंबाची फोड. हळिवाचे लाडू, बाजरीची भाकरी. खात असाल तर मटण, कलेजी, सुकट, कारण मांस-मासळीतलं लोह भाजीतल्यापेक्षा कितीतरी जास्त अंगी लागतं. आणि घरातल्या सगळ्यांची जेवणं झाल्यावर भांड्याला लागलेलं पुसून तुम्ही जेवत असाल, तर आजपासून आधी स्वतःचं ताट वाढून बाजूला ठेवा.

सासूबाईंबद्दल तुम्ही 'त्यांचं वय झालं' लिहिलंत, ते मला टोचतंय. सत्तरीच्या बाईला पाळी नाही. तिचं रक्त कमी असेल तर ते कुठून जातंय हा प्रश्न जास्तच तातडीचा. गुडघ्यासाठी रोज दुकानातून आणलेली दुखण्याची गोळी घेतात का? त्या गोळ्यांनी जठराला जखम होते आणि थेंबथेंब रक्त आत झिरपतं. लोहाची गोळी चालू नसताना शी डांबरासारखी काळी, चिकट, उग्र वासाची होत असेल तर त्याच दिवशी डॉक्टर. काही वर्षांपूर्वी एक आजोबा माझ्याकडे याच तक्रारीने आले, थकवा. हिमोग्लोबिन ९. मी लोह दिलं, थोडं वाढलं, मी समाधानी झाले. सहा महिन्यांनी मोठ्या आतड्याचा कॅन्सर सापडला. पहिल्याच दिवशी शी तपासायला पाठवलं असतं आणि पुढे दुर्बिणीची तपासणी केली असती तर ते सहा महिने त्यांच्या हातात असते. तेव्हापासून पुरुषाचं किंवा पाळी गेलेल्या बाईचं रक्त कमी दिसलं की मी नुसतं लोह लिहून देत नाही. सासूबाईंना सोबत घेऊन जा.

तर सोमवारी: फेरिटिन, बी-१२ आणि टीएसएचसाठी रक्त द्या, आणि त्याच दिवशी दुपारपासून गोळी, लिंबूपाण्याबरोबर. त्याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञ. डब्यांच्या गिऱ्हाइकांना दोन दिवसांची सुट्टी सांगा, कुणी उपाशी राहत नाही.

आणि एक लक्ष ठेवा. गोळी नीट लागू पडली की रिपोर्टच्या आकड्याआधी, कधी पहिल्या एक-दोन आठवड्यांतच, तांदूळ निवडताना हात तोंडाकडे जायचा थांबतो. तो थांबला की मला दोन ओळी लिहा. आणि पाळीचं लिहाल ते कंसात नको.